१४ वर्षं वजनं उचलून झाली, आता कंटाळा आलाय, पुढे काय धरू?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३८, बाणेरला राहता, आयटीत नोकरी, १४ वर्षं नियमित जिम, वजन ९४ किलो, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) २०० किलोपर्यंत नेलेला, पण गेली दोन वर्षं कुठलाच आकडा हललेला नाही. आता संध्याकाळी जिमची बॅग उचलायचाच कंटाळा येतो, आणि सोडलं तर कमावलेलं सगळं जाईल अशी भीतीही वाटते. पर्याय म्हणून रनिंग, ट्रेकिंग, स्विमिंग, क्लाइंबिंग आणि गिटार अशी यादी दिलीत आणि वर म्हणालात की "यातलं नेमकं एक सांगा, सगळं थोडं थोडं करायला वेळ नाही".

एकच सांगेन. पण ते का सांगतेय हे कळलं नाही तर तुम्ही दोन महिन्यांत सोडाल, म्हणून जरा लांबून येते.

मी पुण्यात बरीच वर्षं स्ट्रेंथ कोचिंग करते, आधी स्वतः पॉवरलिफ्टिंग केलं, नंतर चाळिशीच्या आसपास क्लाइंबिंगकडे वळले, आणि तुमच्यासारखे दहा-पंधरा वर्षं वजनं मारून थांबलेले लोक माझ्याकडे कायम येत असतात. त्यातले बरेच जण मित्र जे करतो ते धरतात, कुणी सायकल घेतं, कुणी महागाचे शूज घेतं, पहिला महिना जोरात जातो आणि मग हळूहळू परत जिममध्ये दिसायला लागतात, तेही पहिल्याइतक्याच कंटाळ्याने. छंद वाईट होता असं नसतं. जिममधून आपल्याला नक्की काय मिळत होतं हे न बघता निवडलेला असतो, म्हणून तो टिकत नाही.

तुमच्या लिहिण्यात एक वाक्य होतं, कदाचित तुम्ही सहज टाकलं असेल, "पहिली दोन वर्षं सगळ्यात भारी होती, दर आठवड्याला काहीतरी वाढायचं". माझ्या मते तुमचा सगळा प्रश्न त्या वाक्यात आहे. तुम्हाला लोखंडाचा कंटाळा आलेला नाही, शिकणं थांबलंय त्याचा आलाय. १४ वर्षांनंतर शरीर आपल्या मर्यादेच्या इतकं जवळ पोचलेलं असतं की स्क्वॉटवर (खांद्यावर बार घेऊन बैठक) अडीच-पाच किलो वाढवायला कित्येक महिने नीट प्लॅनिंग, झोप, खाणं सगळं जुळून यावं लागतं, आणि नोकरी-घर सांभाळून ते दर वेळी जुळत नाही. नवीन प्रोग्रॅम घेऊन हे बदलत नाही, तुम्ही तीन बदलून बघितलेत असं लिहिलंयच. तो दर आठवड्याला वाढण्याचा आनंद परत हवा असेल तर परत नवशिकं व्हावं लागणार, दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

आणि ताकदवान माणसाला हेच सगळ्यात जड जातं. जिममध्ये चार पोरं तुम्हाला फॉर्म विचारतात, बार लोड केला की लोक वळून बघतात, आणि नव्या ठिकाणी तुम्ही शेवटच्या रांगेत. त्यातून ताकद असली की माणूस न शिकता ताकदीवर वेळ मारून नेतो, म्हणजे टेक्निक चुकलं तरी ओढून काढतो, आणि मग शिकणंच होत नाही. त्यामुळे माझा निकष असा की तुमच्यासारख्यांनी असा छंद निवडावा जिथे ताकद दारापर्यंत सोडेल पण आत घेऊन जाणार नाही.

आता कशावर अवलंबून आहे ते सांगते, कारण हे उत्तर सगळ्यांना सारखं लागू नाही.

आधी हे तपासा की कंटाळा फक्त जिमचाच आहे की सगळ्याचाच. झोप नीट नाही, ऑफिसात मन लागत नाही, आधी आवडायचं तेही आता नकोसं वाटतं, असं असेल तर नवीन छंद हा इलाज नव्हे, आधी डॉक्टरांना भेटा, रक्ताच्या साध्या तपासण्या करा, आणि मनावर ताण असेल तर त्याबद्दल मोकळेपणाने बोला. फक्त जिमचाच असेल तर दोन आठवडे पूर्ण सुट्टी घ्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, घरी पुशअप्स पण नाहीत. बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं विश्रांतीच दिलेली नसते आणि ते साध्या थकव्याला कंटाळा समजत असतात. त्या दोन आठवड्यांत तुम्हाला कशाची आठवण येते ते लक्षात ठेवा.

मी माझ्या लोकांना हेच विचारते, आणि उत्तरं खूप वेगवेगळी येतात. कुणी म्हणतं वहीत आकडा लिहायची आठवण येते. कुणी म्हणतं तो एक तास कुणी फोन करत नव्हतं, बायको-पोरं-बॉस कुणीच नाही, तो तास गेला. कुणाला जिमनंतरच्या चहाची आणि तिथल्या चार टाळक्यांची आठवण येते. आणि काही जण प्रामाणिकपणे सांगतात की आरशात स्वतःला बघायची आठवण येते, त्यातही वाईट काही नाही. आता बघा, ज्याला चहावाली मंडळी हवीत त्याला एकट्याने पोहायला पाठवलं तर तो टिकणार नाही. ज्याला आकडा हवा त्याला नुसतं "निसर्गात फिरा" म्हटलं तर तो चार रविवार फिरेल आणि पाचव्याला झोपून राहील. शांतता हवी असलेल्या माणसाला ढोल-ताशा पथकात पाठवून चालणार नाही, पण जो वर्षानुवर्षं एकटा हेडफोन लावून व्यायाम करून आतून एकटा पडलाय त्याला मी स्वतः पथकात जा म्हणून सांगितलंय आणि तो आज तिथे रमलाय. गणपतीच्या आधी साधारण दोन महिने सराव सुरू होतो, कमरेला ढोल बांधून तास-दोन तास उभं राहून वाजवायचं, पाठीची आणि पायांची ताकद कामाला येते पण ठेका काही ताकदीने येत नाही, पन्नास जणांच्या हाताबरोबर आपला हात पडावा लागतो. लिफ्टिंगमधून आलेल्या माणसाला ही गोष्ट खरंच नवीन असते.

तुम्ही लिहिलंय की पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या वह्या जपून ठेवल्यात, हेडफोन लावून एकटेच व्यायाम करता, आणि दिवसभर कॉल्स असल्याने संध्याकाळी कुणाशी बोलायची इच्छा नसते. म्हणजे तुम्हाला आकडा हवा आणि शांतता हवी. हे डोक्यात ठेवून तुमची यादी बघू.

रनिंग. आकडा आहे, शांतता आहे, पुण्यात सोयही भरपूर, विद्यापीठाचा परिसर तुम्हाला जवळ, टेकड्या आहेत, आणि पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची असल्यामुळे शहरात पळणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. माझी अडचण तुमच्या ९४ किलोंची आहे. पळताना दर पावलाला जमिनीचा जो धक्का बसतो तो शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट असतो, आणि हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात पण टेंडन आणि हाडं महिनोन्महिने घेतात. लिफ्टर लोक इथेच अडकतात, दम वाढला की वेग वाढवतात आणि मग नडगी नाहीतर टाच धरते. करायचंच असेल तर आधी दोन-तीन महिने वेताळ टेकडीवर जोरात चालणं, मग एक मिनिट पळणं दोन मिनिटं चालणं, आणि पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे इतक्याच वेगात. चांगला छंद आहे पण तुमचा पहिला क्रमांक नव्हे.

ट्रेकिंग. पुण्यात राहून सिंहगड करू नका असं मी कुणाला सांगणार नाही. आतकरवाडीतून वर जायला सहाशे मीटरच्या आसपास चढ आहे, दर आठवड्याला घड्याळ लावून चढणारी मंडळी तिथे नेहमी दिसतात, म्हणजे आकडाही मिळतो. जोरदार स्क्वॉट मारणाऱ्याला चढ जमतो, त्रास उतारावर होतो, कारण उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत भार घेतो आणि तो भार जिममध्ये इतका वेळ सलग कधीच आलेला नसतो. सोमवारी जिना उतरताना कळतं. म्हणून माझ्याकडच्या वजनदार लोकांना मी सांगते की पहिले काही आठवडे वर चालत जा, वर दही-पिठलं खा आणि शेअर जीपने खाली या, मग हळूहळू उतार वाढवा, अर्धा चाला, मग पूर्ण. काठी घ्या, त्यात कमीपणा नाही. कात्रज ते सिंहगड रात्रीचा ट्रेक वगैरे डोक्यात असेल तर ते वर्षभराने बघा. पण ट्रेकिंग आठवड्याला एकदाच होतं, आणि तुमची अडचण सोमवार ते शुक्रवारच्या संध्याकाळची आहे. त्यामुळे जोडीला ठेवा, मुख्य नको. पावसाळ्यात निसरड्या वाटांवर गर्दीत तर अजिबात सुरुवात करू नका.

क्लाइंबिंग माझं स्वतःचं आहे त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलणार, माफ करा. सह्याद्रीचा बेसॉल्ट, तैलबैलाच्या भिंती, खंडाळ्याचा ड्यूक्स नोज, हे सगळं पुण्यापासून काही तासांवर, आणि इथली गिर्यारोहणाची परंपरा मोठी, गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेने २०१२ साली एव्हरेस्ट मोहीम केली ती याच शहरातून. शहरात शिकायला कृत्रिम क्लाइंबिंग वॉलही आहेत. लिफ्टर क्लाइंबिंगला आला की काय होतं ते मी इतक्या वेळा पाहिलंय की पहिल्या दिवशीच सांगून टाकते. तो पुलअप्स मारू शकतो म्हणून सगळं हातांनी ओढतो, दहा मिनिटांत फोरआर्म भरून येतात, मूठ उघडत नाही, आणि शेजारी एखादी कॉलेजची मुलगी, जिला एक पुलअप येत नाही, ती पाय नीट ठेवून, कंबर भिंतीजवळ नेऊन शांतपणे वर जाते. शिकायचं असतं ते तिथे. पायाचा पुढचा बोटाएवढा भाग कुठे ठेवायचा, वजन कधी कुठल्या पायावर टाकायचं, आणि श्वास.

श्वासाबद्दल जरा थांबते, कारण हे फक्त क्लाइंबिंगचं नाही. आपण जड उचलताना श्वास भरून, पोट घट्ट करून, कोंडून धरतो, त्याने पाठीला आधार मिळतो आणि जड वजनाला ते बरोबरच आहे. पण वर्षानुवर्षं केल्यावर ती सवय इतकी मुरते की जरा जोर लावायची वेळ आली की माणूस आपोआप श्वास धरतो. भिंतीवर धरतो, पाण्यात धरतो, टेकडीच्या शेवटच्या चढावर धरतो. माझ्या ओळखीत एकाने बासरी धरली, त्याचे गुरुजी पहिल्याच महिन्यात म्हणाले की तुम्ही फुंकता कमी आणि कोंडता जास्त. नवीन छंद कुठलाही घ्या, वजनं उचलणाऱ्याला पहिलं शिकायचं ते श्वास सोडणं.

तर क्लाइंबिंग तुम्हाला आत्ता का नको म्हणतेय? बोटांमुळे. बोटांतले टेंडन हाडाला धरून ठेवणारे जे पट्टे असतात, पुली म्हणतात त्यांना, ते फार सावकाश मजबूत होतात, आणि तुमची पाठ-दंड आधीच इतके तयार आहेत की तुम्ही त्या पट्ट्यांना झेपण्याआधीच लहान होल्डवर, म्हणजे पकडायच्या जागेवर, लटकायला लागाल, तेही ९४ किलो घेऊन. नवशिका बारीक मुलगा ताकद नसल्यामुळे आपोआप वाचतो, तुम्ही वाचणार नाही. पाच-सात किलो कमी झाले आणि संयम आला की जरूर या, टॉप रोपवर (वरून दोरीचा आधार असतो), मोठ्या होल्डवर, आठवड्याला दोनदाच.

गिटार. ही तुमच्या यादीत शेवटी होती, आणि मला वाटतं तुम्ही ती जरा लाजत लिहिलीत. वजनं उचलणाऱ्यांना वाटतं की छंद म्हणजे घाम आलाच पाहिजे, तसं काही नाही. उलट वाद्यात एक मोठी सोय आहे की त्याला स्नायूंची रिकव्हरी लागत नाही, रोज वीस मिनिटं बसता येतं, आणि सुरुवातीची प्रगती आठवड्या-आठवड्याला दिसते. पेठांमध्ये, कोथरूडला, गल्लोगल्ली क्लास आहेत. फक्त जड डेडलिफ्टच्या संध्याकाळी वाजवायला बसू नका, पंजा आखडलेला असतो, आणि तळहाताला घट्टे असले तरी बोटांच्या टोकांना नवे पडायला वेळ लागतोच. पण दिवसभर खुर्चीत लॅपटॉपपुढे बसणाऱ्या माणसाने संध्याकाळचा हलण्याचा एकुलता एक तास काढून परत खुर्चीत बसणं मला पटत नाही. रात्री जेवण झाल्यावर गिटार घ्या की, ती वेगळी जागा आहे.

तुमच्या यादीत नसलेल्या दोन गोष्टी सांगते. एक, लोखंडातच राहून नवशिकं होता येतं, ऑलिंपिक वेटलिफ्टिंग, म्हणजे स्नॅच (बार एका झटक्यात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर). सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं, सुवर्ण एका किलोने गेलं, ते बघून माझ्याकडे बऱ्याच जणांनी स्नॅच शिकायचं म्हणून विचारलं होतं. २०० किलो डेडलिफ्ट मारणारा माणूस स्नॅचला रिकाम्या बारवर परत येतो, कारण खांदे-घोटे उघडत नाहीत आणि बारखाली शिरायचं धाडस होत नाही. सुंदर प्रकार आहे, पण समोर उभा राहून बघणारा कोच आणि नीट प्लॅटफॉर्म पाहिजे, व्हिडिओ बघून करू नका. आणि तुम्हाला बॅग उचलायचाच कंटाळा आलाय, तर जागाही बदललेली बरी.

दुसरी, रोइंग. आपले पाय आणि पाठ जितकी इथे कामाला येते तितकी दुसऱ्या कुठल्याच एन्ड्युरन्स खेळात येत नाही. दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर रोइंग शिकला, पुण्यात लष्कराच्या केंद्रात तयार झाला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेला, म्हणजे मोठेपणी सुरुवात करूनही लोक कुठवर जातात बघा. पण साध्या नोकरदाराला पुण्यात पाण्यावर बोट मिळणं क्लबच्या मेंबरशिपवर आणि नदीच्या पाण्यावर अवलंबून, त्यामुळे बहुतेकांचं मशीनवरच राहतं. मशीन परत जिममध्येच.

राहिलं स्विमिंग, आणि माझं उत्तर तेच आहे.

तुम्ही लिहिलंय "डोकं वर ठेवून थोडंफार येतं". म्हणजे येत नाही, आणि म्हणूनच ते तुमच्यासाठी चांगलं. पाण्यात ताकद जवळजवळ कामाला येत नाही. जोरात हात मारला की पाणी निसटतं, पुढे जाणं होत नाही. स्नायू पाण्यापेक्षा जड, त्यामुळे भरीव मांड्या खाली जातात, आणि पाय खाली गेले की सगळं शरीर पाण्याला आडवं येतं, मग जितका जोर लावाल तितका दम लागतो. माझा एक विद्यार्थी, तुमच्यापेक्षा जास्त वजन उचलणारा, पहिल्या दिवशी २५ मीटरची एक लांबी मारून कठड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला माझं हार्ट तपासायला पाहिजे बहुतेक. हार्ट उत्तम होतं. तो संपूर्ण लांबी श्वास कोंडून गेला होता, आणि तोंड वर काढल्यावर आधी सोडणार मग घेणार, तेवढा वेळच मिळत नाही. त्याला तीन आठवडे नुसतं पाण्याखाली बुडबुडे सोडायला लावले, कठड्याला धरून, मग किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) घेऊन. त्यानंतर तो एकदम सुटला.

९४ किलोला धक्का नाही, गुडघ्यावर भार नाही, कानात पाणी असल्यामुळे कॉल घेता येत नाही, आणि आकडा हवा तर एवढे आकडे आहेत की तुमची वही भरेल. सुरुवातीला वेळ बघूच नका, एका लांबीला हात किती मारले ते मोजा. पहिल्या महिन्यात तीसच्या वर असतील, टेक्निक सुधारलं की ते कमी होत जातात, आणि हा आकडा ताकदीने कमी होत नाही, फक्त शिकून होतो. त्यानंतर न थांबता किती लांब्या, आणि मग वेळ. दर आठवड्याला काहीतरी हलेल, निदान पहिलं वर्षभर.

मोठेपणी पोहणं धरून कुठवर जाता येतं याचं उदाहरण आपल्याच शहरात आहे. मुरलीकांत पेटकर लष्करात बॉक्सर होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळवून दिलं. त्यांच्यावर तो बदल परिस्थितीने लादला होता, तुम्ही तो आपणहून करताय, दोन्हीची तुलना नाही. पण एका खेळात तयार झालेल्या माणसाची शिस्त दुसऱ्या खेळात बरोबर येते हे मला त्यांच्याकडे बघून पक्कं पटलंय.

वेळेचं बघा. एप्रिल-मे मध्ये पुण्यातले सगळे टँक शाळेच्या पोरांनी भरलेले असतात, लेन मिळत नाही आणि शिकवणाऱ्याचं लक्ष तर त्याहून नाही. जून उजाडला की गर्दी ओसरते, पावसाळ्यात लोक पाण्याकडे फिरकत नाहीत, तेव्हा शिकायला सगळ्यात छान. डेक्कनचा टिळक तलाव जुना आणि लोकांच्या प्रेमाचा, पण बाणेरहून संध्याकाळी तिथवर ट्रॅफिकमधून जाणं म्हणजे पोहण्याआधीच दमणं, त्यामुळे घराच्या किंवा ऑफिसच्या पंधरा मिनिटांत जो बरा टँक असेल तो घ्या. महापालिकेचे आहेत, सोसायट्यांचे आहेत. चांगला टँक लांब असण्यापेक्षा साधा टँक जवळ असावा, हे मी अनेकांचं बघून सांगते.

आणि जिमची जी वेळ होती तीच वेळ याला द्या. आठवड्याचे तीन दिवस, साडेसहा तर साडेसहा. नवीन छंद "वेळ मिळेल तेव्हा" वर टाकला की तो होत नाही, पण तुमच्या आयुष्यात १४ वर्षांत एक तास आधीच मोकळा करून ठेवलेला आहे, घरच्यांनाही त्याची सवय आहे, ती जागा घालवू नका. निदान तीन महिने दुसरं काही ट्राय करायचं नाही. सामान म्हणून गॉगल, टोपी, पोहायची चड्डी, बस. पायातल्या फिन्स, हाताला लावायची पॅडल्स, पाण्यातलं घड्याळ हे सगळं नंतर, आणि पॅडल्स तर तुम्हाला मी वर्षभर देणारच नाही, खांद्यावर नको तेवढा जोर येतो.

आता तुमची भीती, "कमावलेलं जाईल". नाही जाणार, फक्त वजनं पूर्ण सोडू नका. ताकद मिळवायला जेवढं काम लागतं त्याच्या बऱ्याच कमी कामात ती टिकते. अट एकच, सेट कमी करा पण बारवरचं वजन फार कमी करू नका. लोक उलटं करतात, वजन हलकं करतात आणि सेट तेवढेच ठेवतात, मग ताकद जाते आणि थकवा राहतो. आठवड्याचे दोन दिवस, पाऊण तास. एका दिवशी स्क्वॉट, बेंच, रो. दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट, उभं राहून प्रेस, पुलअप्स. वॉर्मअपनंतर प्रत्येकाचे दोन किंवा तीनच सेट, तुमच्या कमालच्या ८० ते ८५ टक्क्यांवर, सेटमागे तीन ते पाच रेप्स (म्हणजे तितक्या वेळा उचलणं), आणि अजून दोन निघाल्या असत्या असं वाटतानाच थांबा. फेल्युअरपर्यंत, म्हणजे बार हलेनासा होईपर्यंत, जायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी पाण्यात खांदे हवेत. प्रोटीन आहे तसंच ठेवा, शरीराच्या किलोमागे दीड ग्रॅमच्या थोडं वर. पोहून आल्यावर भूक भयंकर लागते, तिथे वडापाव आणि भेळेवर ताबा ठेवा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आरशात बारीक दिसाल, शर्ट ढिला वाटेल, आणि तिथेच बरेच जण घाबरून परत पाच दिवस जिमला लागतात. तो स्नायू गेलेला नसतो, व्यायाम कमी झाल्यावर स्नायूंतला साठवलेला ग्लायकोजेन आणि त्याबरोबरचं पाणी कमी होतं, म्हणून फुगीरपणा उतरतो. आणि समजा खरंच थोडा स्नायू गेला, तरी एकदा कमावलेला स्नायू परत यायला पहिल्याइतका वेळ लागत नाही, हे बाळंतपणानंतर परत आलेल्या माझ्याकडच्या बायकांमध्ये, ऑपरेशननंतर आलेल्या लोकांमध्ये मी पुन्हा पुन्हा बघितलंय. १४ वर्षांचं काम तीन महिन्यांत पुसलं जात नाही हो.

म्हणजे तुमचा आठवडा साधारण असा होईल, तीन संध्याकाळी पोहणं, दोन दिवस छोटी जिम, रविवारी सकाळी वेताळ टेकडी नाहीतर सिंहगड, एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि गिटार हवी असेल तर रात्री जेवणानंतर. जिमची वार्षिक मेंबरशिप चालू असेल तर बंद करू नका, दोन दिवसांना लागणारच आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत आणि ती मला माहीत असणं गरजेचं आहे. बेंच मारताना किंवा हात डोक्यावर नेताना खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं का? इतकी वर्षं बेंच केलेल्या, वर दिवसभर लॅपटॉपवर वाकलेल्या माणसाचे खांदे बऱ्याचदा पुढे ओढलेले असतात आणि फ्रीस्टाइलला हात पूर्ण वर जावा लागतो. भिंतीला पाठ, कंबर आणि डोकं टेकवून उभे राहा, कोपर सरळ ठेवून दोन्ही हात समोरून वर न्या, कंबर न उचलता अंगठे भिंतीला टेकले तर लगेच बॅच लावा. टेकत नसतील पण दुखत नसेल तर रोज दहा मिनिटं छातीचं आणि काखेखालचं स्ट्रेचिंग, बारला नुसतं लटकणं, मुद्गल मिळाला तर हलका फिरवणं, आणि सोबत पोहणंही सुरू करायला हरकत नाही. दुखत असेल तर मात्र आधी फिजिओला दाखवा, तो हो म्हणेपर्यंत टेकडीवर चाला. आणि पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याला "मला थोडं येतं" असं सांगू नका, "काही येत नाही, श्वासापासून शिकवा" असं सांगा, नाहीतर तो थेट लांबी मारायला लावेल.